बत्तीस घरांच्या चिठ्ठ्या

ये गो बाय, अशी जवळ ये. अजून जवळ. तू समोर बसलीयस असंच धरते. परवा तू फोनवर हसत हसत विचारलंस, "आजी, आईची पीएचडी तू बुडवत होतीस म्हणे?" आणि मी तोंड उघडायच्या आत "लेक्चर आहे, ठेवते" म्हणून ठेवूनही दिलास. शोभतं का हे? आजीवर आरोप करायचा आणि आजीची बाजू ऐकायची नाही. आमच्या मिलचा साहेबसुद्धा चार्जशीट दिल्यावर उत्तराला दोन दिवस द्यायचा. म्हणून आता मी लिहूनच काढते. शाळा माझी चौथीत सुटली. पुढचं वाचायला मी मिलच्या नोटीस बोर्डावर आणि युनियनच्या पत्रकांवर शिकले, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ काढत बसू नकोस. मजकूर वाच.

तुझी आई ही गोष्ट पाहुण्यांना सांगते, मला ठाऊक आहे. "आमच्या आईने निसर्ग सुधारला होता," असं म्हणते आणि सगळे हसतात. हसू देत. पण ती अर्धीच सांगते. तिच्यावर काय बालंट आलं होतं ते गाळते, आणि मी कुठे जाऊन काय बोलून आले तेही गाळते. उरतं काय, तर एक आगाऊ म्हातारी. तेव्हा तर मी म्हातारीही नव्हते.

आम्ही लालबागला राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. एक खोली, मोरी, वर पोटमाळा. मी वायंडिंग खात्यात होते, म्हणजे सूत बॉबिनवरून कोनावर गुंडाळायचं. तुझे आजोबा साचेखात्यात, चार साचे, म्हणजे कापड विणायचे माग, सांभाळायचे. संप झाला तेव्हा तुझी आई सहा वर्षांची होती. संपानंतर आजोबांना मिलने घेतलं नाही. मला घेतलं, तेही बदली म्हणून, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्या दिवशीच काम, आणि काही वर्षांनी वायंडिंगच बंद केलं. आजोबा कॉटन ग्रीनच्या एका गोदामात लागले. आता मी सांगते ती गोष्ट संपानंतर सतरा-अठरा वर्षांची. मिलच्या चिमण्या उभ्या होत्या, पण धूर नव्हता, आणि भोंगा नसल्यामुळे चाळीतलं कोणी कधीच वेळेवर उठत नव्हतं.

तुझी आई फिजिक्स शिकली. एमएस्सी झाली. आम्हाला वाटलं, सुटलो. तर म्हणते, पीएचडी. बरं. कशात? तिने जे नाव सांगितलं ते पाठ करायला मला आठवडा लागला. पेरोव्हस्काइट ऑक्साइडांची मिश्रणं आणि त्यांतल्या इलेक्ट्रॉनांचे गुणधर्म, आणि तेही कॉम्प्युटरवर हिशोब करून. चाळीत कोणी भेटलं की विचारायचं, "पोरगी काय करते?" मी म्हणायचे, "दगडात वीज कशी धावते ते बघते." "मग दगड कुठे आहे?" "दगड नाही, कॉम्प्युटरवर आहे." "म्हणजे खरा दगड नाहीच?" मी तुझ्या आईला विचारलं की ती म्हणायची, "आई, दगड नाही गं, सिरॅमिक." म्हणजे कपबशी! मग मी शेजारणीला सांगितलं, कपबशीत वीज. त्यावर ती म्हणाली, "शॉक लागेल हो, जपा."

शेवटी एके दिवशी मी कणीक मळता मळता तिला धरलं. म्हटलं, मला नीट सांगितल्याशिवाय जेवण नाही. तेव्हा तिने चाळीवरच सांगितलं. म्हणाली, "अणू चाळीतल्यासारखे ठरलेल्या खोल्यांत राहतात. एका प्रकारच्या खोलीत ऑक्सिजन, दुसऱ्या प्रकारच्या खोलीत मोठा धातू, आणि मधल्या खोलीत छोटा धातू. ही जी मधली खोली आहे ना, तिथे दोन प्रकारचे भाडेकरू चालतात. कधी हा, कधी तो. अर्धे हे, अर्धे ते, असं केलं की झालं मिश्रण." मग म्हणाली, "इलेक्ट्रॉन खालच्या मजल्यावर असतात. त्यांना वरच्या मजल्यावर चढायला किती जोर लागतो, ती फट मला काढायची आहे. फट लहान असली तर तो पदार्थ उजेडावर चालेल, मोठी असली तर नाही."

एवढंच होतं तर आधीच सांगायचं ना! चाळ, भाडेकरू, जिना. मी आयुष्यभर दुसरं केलंय काय?

पण सोपं कळलं म्हणून काम सोपं होत नाही. कुठल्या खोलीत कुठला भाडेकरू हे आधी ठरवायला लागायचं, आणि ते आपण ठरवायचं नाही, नशिबाने ठरायला पाहिजे. कारण खऱ्या भट्टीत ते कुणी बघून बसवत नाही. तिने कॉम्प्युटरला सांगितलं, तू नशिबाने बसव. तर त्या शहाण्याने दर वेळी तीच यादी दिली! बंद केला, चालू केला, पुन्हा तीच. म्हणाली, प्रोग्राममध्ये काहीतरी टाकायचं राहिलंय, पण ते शोधायला तिला वेळ नव्हता. इन्स्टिट्यूटच्या मोठ्या मशीनवर तिचा नंबर शुक्रवारी होता. शुक्रवार हुकला की दोन महिने थांबा. तिच्या सरांनी सांगितलं होतं, किमान दहा वेगवेगळ्या याद्या पाहिजेत, मग त्यांची सरासरी.

म्हणून तिने घरी चाळ बांधली. बांधली म्हणजे खरोखर बांधली. खालच्या गल्लीत गणपतीच्या मखरांचं दुकान होतं, तिथून थर्माकोलच्या गोळ्या आणल्या. हिराच्या झाडूचे हीर काढून त्यांचे खांब केले. माझा नवा झाडू होता तो, ते असो. दोन मजले, मजल्यावर सोळा घरं, एकूण बत्तीस. सोळा गोळ्या लाल रंगवल्या, सोळा निळ्या. घरभर थर्माकोलचा भुगा. आमटीत भुगा, अंथरुणात भुगा, आजोबांच्या मिशीत भुगा. पंखा लावायची सोय नाही. मी म्हटलं, "एवढं शिकून शेवटी मखरच केलंस." ती हसली नाही. तिला हसायला वेळ नव्हता.

बुधवारी दुपारी ती इन्स्टिट्यूटला निघाली आणि जाता जाता माझ्या हातात रिकामा बिस्किटांचा डबा दिला. आत बत्तीस चिठ्ठ्या. सोळांवर लाल, सोळांवर निळा.

"आई, तुझं काम सोपं आहे. डबा हलव, चिठ्ठी काढ, एक नंबरच्या घरात तो रंग. मग दोन नंबर. असं बत्तीसपर्यंत. कागदावर उतरवून घे, गोळ्या काढ, पुन्हा पहिल्यापासून. दहा वेळा. संध्याकाळपर्यंत होईल?"

"न व्हायला काय झालं? दिवसाला कोन किती भरायचे मी, माहीत आहे?"

"आणि आई, एक. विचार करू नकोस."

ऐकलंस? आईला सांगते, विचार करू नकोस. आणि गेली.

मी बसले. आजोबांची त्या दिवशी सुट्टी. ते खाटेवर आडवे, पेपर तोंडावर. मी डबा हलवला, पहिली चिठ्ठी लाल. दुसरी लाल. तिसरी निळी. मग लाल, लाल, लाल, लाल. चार लाल एका रांगेत बसल्या. मी आपली लिहीत होते, विचार न करता. तेवढ्यात खाटेवरून पेपर बाजूला झाला.

"अगो, ह्या काय? चार लाल बाजूक-बाजूक? पट्टो पडतलो."

आता हे तुला कळायचं नाही, तू मिल बघितली नाहीस. कापसाच्या गासड्या वेगवेगळ्या गावांहून यायच्या. एक पिवळट, एक पांढरी, एक जाडी. मिक्सिंगला त्या सगळ्यांतला थोडा थोडा कापूस सारखा उचलून टाकायचा. कुणी आळस करून एकाच गासडीतून भरला, की पुढे सुतात तो तसाच येतो, आणि कापड झालं की त्यात पट्टा दिसतो. मग तागा बाद. बाद तागा साचेवाल्याच्या माथी. आजोबांनी दुसऱ्याच्या आळसापायी असे किती दंड भरले असतील. मिश्रण म्हणजे काय हे आमच्या घरात दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. मिश्रण म्हणजे सारखं पसरलेलं. एका जागी गोळा झालं तर ते मिश्रण नव्हे, हलगर्जीपणा.

मी म्हटलं, "चिठ्ठीत आलं ते आलं."

"चिठ्ठी काय देवान लिवली? तूच ढवळतंस ना? नीट ढवळ."

मला पटलं. का पटलं म्हणून आता मला विचारू नकोस. मी चौथी लाल परत डब्यात टाकली, पुन्हा काढली, निळी आली. बरं वाटलं. डोळ्याला बरं दिसलं. मग तेच धोरण ठेवलं. दोन शेजारी शेजारी आल्या तर चालतील, तिसरी आली की परत डब्यात. वरच्या मजल्यावर बसवताना खालच्या घरातही बघायचे. लालवर लाल असेल तर बदल. शेवटच्या घरांना चिठ्ठ्या उरायच्या त्या सगळ्या एका रंगाच्या असल्या तर मी मागे जाऊन दोन घरांची अदलाबदल करायचे. आजोबा मध्येच उठून लांबून बघायचे, एक डोळा मिटून, साच्यावरच्या कापडाकडे बघायचे तसे. "आता बरा," म्हणायचे.

संध्याकाळपर्यंत दहा याद्या तयार. मी त्या स्वच्छ अक्षरात उतरवल्या. तुझी आई आली, वरवर बघितलं, सगळ्या याद्या वेगळ्या आहेत याची खात्री केली आणि म्हणाली, "आई, तू ग्रेट आहेस." मी लाजलेसुद्धा.

शुक्रवारी याद्या मशीनमध्ये गेल्या. मशीन तीन आठवडे चाललं. मला राहून राहून नवल वाटायचं, बत्तीस घरांची चाळ, तिचं भाडं काढायला एवढा वेळ? ती म्हणायची, एकाच चाळीचं नाही, कॉम्प्युटर असं धरून चालतो की या चाळीच्या चारी बाजूंना पुन्हा तशीच चाळ, तिच्यापुढे पुन्हा तशीच, संपतच नाही. म्हटलं, म्हणजे परळ.

तीन आठवड्यांनी ती घरी नाचत आली. दहाही याद्यांचं उत्तर जवळजवळ एकच! "आई, एवढे छान आकडे कुणाचे येत नाहीत." मी शिरा केला. आजोबांनी दोनदा घेतला.

शिऱ्याचा वासही गेला नव्हता आणि दुसऱ्या दिवशी पोरगी भर दुपारी घरी. चप्पल न काढता आत आली, तेव्हाच मी समजले. खाटेवर बसली आणि भिंतीकडे बघत राहिली. मग सांगू लागली. सरांनी आकडे बघितले होते. सरांच्या ओळखीच्या एकाने तोच पदार्थ खऱ्या भट्टीत भाजून त्याची फट मोजली होती, आणि हिची फट तिच्याशी जुळत नव्हती. तेही चाललं असतं. पण दहा वेगवेगळ्या याद्यांची उत्तरं इतकी सारखी येऊच शकत नाहीत, असं सरांचं म्हणणं. वरखाली व्हायला पाहिजेत. सर म्हणाले होते, "हे आकडे हिशोबातून आलेले वाटत नाहीत. सोयीचे वाटतात."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे मी एकच हिशोब केला आणि बाकीचे नऊ मनाने लिहिले, असं त्यांना वाटतं."

सोमवारी समितीपुढे उभं राहून तिने खुलासा द्यायचा होता. नाही पटला तर नाव काढून टाकणार. दोन वर्षं गेली असती, आणि वर कायमचा शिक्का, खोटे आकडे लिहिणारी.

माझं डोकंच फिरलं. मी सरांना काय काय बोलले ते लिहीत नाही. आजोबा म्हणाले, "मशीन बिघडला आसतला." पोरगी म्हणाली, "मशीन बिघडत नाही, बाबा." "साचो बिघडता, मग मशीन कित्याक नाय बिघडणार?" झालं, दोघांचं जुंपलं.

मग चार दिवस घरात कागद. ते भोकं पाडलेले लांबलचक कागद असायचे ना प्रिंटरचे, ते तिने मोरीपासून दारापर्यंत अंथरले. प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासत होती. आम्ही भिंतीकडेने चालायचो. स्वयंपाक करताना मी एका पायावर. एक चूक सापडेना. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी तिने मान वर केली.

"आई, चिठ्ठ्या तू नीट काढल्यास ना?"

"काढल्या म्हणजे काय, ढवळून ढवळून काढल्या."

आणि बाय, मी खोटं बोलत नव्हते. देवाशपथ सांगते, तोपर्यंत माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं की मी काही वेगळं केलंय. मी सुधारलं होतं. सुधारलेलं कोणी सांगत बसतं का? तव्यावर पोळी फुगली नाही म्हणून उलटली, तर ते काय जाहीर करायचं असतं?

मी उलट तिलाच झापलं. "सारखी उत्तरं आली तर चांगलंच ना? दहा जणांनी एकच साक्ष दिली."

ती वैतागून पेन आपटून म्हणाली, "आई, नशिबाने वाटलेलं कधी सारखं नसतं! कुठे चार एका जागी जमतात, कुठे एकही नसतो. तिथेच तर फट बदलते. जमलेल्या ठिकाणी इलेक्ट्रॉन वेगळं वागतो. तुला उदाहरण देऊ? संप संपल्यावर मिल चालू झाली, तेव्हा आपल्या मजल्यावर काय झालं?"

मला उदाहरण द्यायची गरज नव्हती. आपल्या मजल्यावर ओळीने चार दारं. आपलं, शेजारचं, त्याच्या पलीकडचं आणि कोपऱ्यातलं. चारही घरांतल्या पुरुषांना मिलने परत घेतलं नाही. वरच्या मजल्यावर सगळ्यांना घेतलं. सगळ्यांना! कोणी मुद्दाम केलं म्हणावं तर तसंही नव्हतं, वेगवेगळी खाती, वेगवेगळे साहेब. आलं तसं आलं. वर सकाळी डबे भरायचे आवाज यायचे, आणि आमच्या मजल्यावर चार पुरुष कठड्याला टेकून उभे. त्या दिवसांत मी रोज मनात देवाला म्हणायचे, निदान एकाआड एक तरी द्यायचं होतंस रे. म्हणजे एका घरी नसलं तर शेजारून वाटीभर मागता आलं असतं. चार ओळीने, कोणाकडे मागायचं?

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

"चार लाल," मी म्हटलं.

"काय?"

"पहिल्याच यादीत चार लाल ओळीने आल्या होत्या. मी एक काढली."

आजोबांनी हळूच पेपर तोंडावर घेतला. मी तो काढून घेतला. "आता कुठे लपता? तुम्हीच म्हणालात पट्टा पडतोय!"

"मी सांगलंय," ते म्हणाले, "पण तू आयकलंस कित्याक? पंचवीस वर्सांत कधी माझा आयकलंस?"



तुझ्या आईने पेनाचं टोपण लावलं. फार शांतपणे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "किती वेळा बदललंस?"

"मोजलं नाही. डोळ्याला खुपलं तिथे."

"दहाही याद्यांत?"

"दहाही."

"आई, मी तुला एकच गोष्ट सांगितली होती."

"बाकी काहीही सांगायचं होतंस," मी म्हटलं, "ती एक मला येत नाही."

मला वाटलं, चूक सापडली, आता ती सरांना सांगेल आणि मिटेल. पण ती कागद गोळा करत म्हणाली, सांगून उपयोग नाही. आईने चिठ्ठ्या बदलल्या असं सांगायचं? बिस्किटाच्या डब्यातल्या? सर म्हणतील, कारण सापडेना म्हणून आता आईला पुढे केलं. मी म्हटलं, "मग कर ना पुढे." ती म्हणाली, "आई, प्लीज, तू यात पडू नकोस." मी मनात म्हटलं, यात मी आधीच पडलेय, आणि ती मोरीवर गेल्याबरोबर थर्माकोलची चाळ जुन्या चादरीत बांधली.

दुसऱ्या दिवशी ती बसला उभी, तर मागे मी. हातात चादरीचं गाठोडं, पिशवीत बिस्किटांचा डबा. तिने कपाळावर हात मारला. पण बस आली होती, भांडायला वेळ नव्हता. इन्स्टिट्यूटच्या गेटवर वॉचमनने गाठोडं उघडायला लावलं. बघून म्हणाला, "मावशी, गणपतीला अजून अवकाश आहे." मी म्हटलं, "विसर्जन करायला आणलंय."

सर म्हणजे मला वाटलं होतं कोणी राक्षस. निघाले किडकिडीत, चष्मेवाले, पुणेरी बोलणारे. उठून उभे राहिले. "बसा ना. आपण?"

"मी हिची आई. तुमच्या त्या दहा याद्या मीच."

त्यांना काही कळेना. तुझी आई दाराशीच उभी, मान खाली. मी त्यांच्या टेबलावरचे कागद सरकवले, चाळ मांडली, डबा काढला. म्हटलं, "तुम्ही काढा चिठ्ठ्या, मी गोळ्या बसवते. आधी बघा, मग बोला." भला माणूस, काढू लागले. निळा. लाल. निळा. निळा. मी बसवत गेले. पुन्हा निळा आला, आणि बाय, मी शपथेवर सांगते, मी मुद्दाम केलं नाही, माझा हात आपोआप पुढे गेला, त्यांच्या बोटांतली चिठ्ठी काढून घेतली आणि डब्यात परत टाकली.

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. "हे असं तुम्ही प्रत्येक वेळी केलंत?"

"तिसरा आला की. आणि वरखालीसुद्धा बघायचे मी."

त्यांनी एक कागद ओढला, माझ्या याद्या काढल्या आणि शेजारी शेजारी किती सारखे रंग आलेत त्याच्या खुणा करत गेले. पहिली यादी, दुसरी, तिसरी. दहाव्या यादीनंतर पेन्सिल ठेवली. "दहाही याद्यांत शेजार जवळजवळ सारखाच आहे. मग उत्तर वेगळं कुठून येणार?" चष्मा काढून पुसला. "कुठे काम करत होतात आपण?"

मी सांगितलं. पट्टा म्हणजे काय तेही सांगितलं, गासड्या, दंड, सगळं.

"निसर्गाला एवढी शिस्त नसते, बाई," ते म्हणाले.

"तुमच्या मशीनला मात्र नको तेवढी आहे! दर वेळी तीच यादी देत होतं. ते वेळेवर दुरुस्त झालं असतं तर मी कशाला आले असते?" मग खरं बोलायचं ते बोलले. "तुम्ही म्हणालात, हिचे आकडे सोयीचे आहेत. माझी मुलगी खोटं लिहीत नाही. आगाऊपणा माझा. तो शब्द तुम्ही परत घ्या. इथे, तिच्यासमोर. आणि सोमवारी त्या समितीसमोरही."

तुझ्या आईने दाराची कडी घट्ट धरली होती.

सर उठले. माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून म्हणाले, "मी घाई केली. शब्द मागे घेतो. समितीला मी स्वतः सांगेन." मी मान हलवली, झालं असं वाटून उठायला लागले, तर म्हणतात, "पण याद्या तपासून मगच मशीनवर द्यायच्या, ही जबाबदारी तुझी होती. तीन आठवडे गेले ते गेले. नंबर पुन्हा लावावा लागेल." आणि ते बरोबरच होतं. मला राग आला, पण बरोबर होतं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी आणि मी मांडीवर गाठोडं घेऊन. मला वाटलं, आता ही माझ्याशी आयुष्यात बोलत नाही. शीव आलं तेव्हा म्हणाली, "आई, तू बोलता बोलता सरांना एकदा 'अरे' म्हणालीस."

"कधी?"

"पट्टा समजावताना. 'अरे, असं नसतं ते,' म्हणालीस."

"मग? नसतंच तसं."

तेव्हा ती हसली. हसता हसता डोळे पुसले, आणि मी खिडकीबाहेर काहीतरी बघितल्यासारखं केलं.

पुढचं तुला माहीत आहे. समितीने ऐकून घेतलं. दोन महिने थांबावं लागलं, त्या काळात तिने प्रोग्राममधली ती राहिलेली गोष्ट टाकली आणि याद्या मशीनकडूनच काढल्या. डब्याला मला हात लावू दिला नाही. नवे आकडे आले, दहांची दहा तोंडं दहा दिशांना, आणि सरासरी त्या भट्टीवाल्याच्या मोजणीच्या जवळ. माझ्या याद्यांपैकी नऊ फेकून दिल्या. एक ठेवली, शिस्तीत बसवलं तर काय होतं ते दाखवायला. प्रबंधात तेवढी एक ओळ आहे. मला वाचून दाखवली तिने. नाव नाही माझं, पण ओळ माझी.

तिला पदवी मिळाली आणि लगेच बंगळूरला नोकरी लागली. मी सरांपुढे जाऊन तिचं नाव वाचवलं ते कशाला, तर ते नाव घेऊन ती गावच सोडून गेली. लग्न तिकडे, तू तिकडे झालीस, आणि आता बोलतेस अशी की निम्मं मला कळत नाही. आजोबा गेल्यापासून तर या खोलीत बोलायला मीच आणि ऐकायलाही मीच. तुझ्या आईला रजा मिळत नाही म्हणते. चार वर्षं झाली ती नुसती "येते, येते" करतेय. मी रागावलेय असं सांग तिला. नको, सांगू नकोस, उगाच जीवाला लावून घेईल.

तू तरी ये. तिची वाट बघू नकोस, एकटी ये. यायचं तर बुधवारी किंवा शुक्रवारी ये, शिवडीची कोळीण त्या दिवशी चांगले बोंबील आणते. सोमवारी आलीस तर भाजी खावी लागेल. पोटमाळ्यावर तुझ्यासाठी गादी काढून ठेवलीय, उन्हात घातलीय. लवकर ये हां.